नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर, इ.स. १८६१ - ९ मे, इ.स. १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. रेव्हरंड टिळक या नावानेही ते ओळखले जातात. आधुनिक मराठी कवितेच्या आरंभीच्या कवींमध्ये त्यांची गणना होते आणि 'फुलामुलांचे कवी' ही त्यांची ओळख शालेय पुस्तकांमुळे घरोघरी पोहोचली. इ.स. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती मंडळीत प्रवेश केला. पुढे सुमारे दोन दशके त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. इ.स. १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामील होऊ शकत. त्यामुळे ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्याने एखाद्या मंडळीचे रीतसर सभासद झालेच पाहिजे काय, या प्रश्नाच्या भारतातील इतिहासात टिळकांचे नाव महत्त्वाचे ठरते. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव करडा होता. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या होत्या. टिळकांच्या बालपणाचा काही काळ कल्याण येथे गेला. मुलावर आईच्या ओव्या-अभंगांचा संस्कार झाला आणि पुढच्या आयुष्यात त्यांच्या कवितेत मातेची आठवण वारंवार येत राहिली. ते अकरा-बारा वर्षांचे असताना आईचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांनी घर सोडले व ते नाशिकला आले.

नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. काव्य, अलंकार आणि वेदान्त यांचा पाया तेथे घातला गेला. इंग्रजी शिक्षणासाठी ते काही काळ शाळेत गेले, परंतु आर्थिक अडचणींमुळे ते शिक्षण पुरे झाले नाही. पुढील इंग्रजी वाचन त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने केले.

विवाह आणि नागपूरमधील वास्तव्य

इ.स. १८८० च्या सुमारास टिळकांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले कुटुंबातील मनकर्णिका हिच्याशी झाला. विवाहानंतर तिचे नाव लक्ष्मी असे ठेवण्यात आले. विवाहाच्या वेळी ती सुमारे अकरा वर्षांची होती. टिळकांचा स्वभाव अस्थिर आणि उदार होता. हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकणे, नोकरी सोडून निघून जाणे, कोणाला न सांगता दूर गावी राहणे असे प्रसंग वारंवार घडत. शिक्षकी, पुराण सांगणे, कीर्तन आणि लेखन अशा निरनिराळ्या मार्गांनी ते चरितार्थ चालवीत.

इ.स. १८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. धर्मविषयक चर्चा करणाऱ्या 'ऋषी' या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. हिंदू समाजातील जातिभेद आणि कर्मकांड यांविषयी त्यांच्या मनात या काळात प्रश्न निर्माण झाले. राष्ट्राच्या ऐक्याला जातिभेद बाधक आहे, अशी त्यांची धारणा होती. सर्व माणसांना एकत्र आणील असा एकेश्वरी धर्म असावा, या विचाराने ते स्वतःच नव्या धर्माची मांडणी करू लागले होते.

ख्रिस्ताकडे ओढा

इ.स. १८९३ मध्ये नोकरीच्या निमित्ताने टिळक आगगाडीने राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी भेट झाली. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले बोलणे धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या प्रवाशाने त्यांना बायबलमधील 'नवा करार' भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही, मात्र पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी पाळले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांच्यावर खोल परिणाम झाला. ज्या प्रश्नांची उत्तरे ते शोधत होते, ती त्यांना या तीन अध्यायांत सापडली. त्यानंतर त्यांनी ख्रिस्ती विषयांवर लेखन व पत्रव्यवहार सुरू केला. मुंबईतील अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संपर्क आला. अ‍ॅबट यांनी पुढे मराठी संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे केली.

श्रद्धा बसणे आणि बाप्तिस्मा घेणे यांत टिळकांच्या बाबतीत बराच काळ गेला. ख्रिस्ताला गुरू मानूनही उघडपणे मंडळीत न जाता राहता येईल काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पत्नी, लहान मुलगा, आप्तेष्ट आणि उपजीविका हे सारे त्या निर्णयावर अवलंबून होते.

बाप्तिस्मा आणि सभासदत्व यांची तत्कालीन पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाप्तिस्मा हा केवळ धार्मिक विधी नव्हता. बाप्तिस्मा घेतलेली व्यक्ती जातीबाहेर समजली जाई. तिच्याशी रोटीबेटीचे व्यवहार तुटत आणि उच्चवर्णीय कुटुंबात तिला मृतवत मानले जाई. इ.स. १८५० च्या कायदा क्रमांक २१ ने धर्मांतरिताचा वारसाहक्क कायम ठेवला होता. इ.स. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडून दिलेल्या व्यक्तीला विवाहविच्छेदासाठी न्यायालयात जाण्याची मुभा दिली होती. सामाजिक बहिष्कारावर मात्र या कायद्यांचा उपाय नव्हता.

यादीत नाव लागण्याची ही भीती ख्रिस्ती धर्मापुरती मर्यादित नव्हती. इ.स. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडण्याची शपथ गुप्तपणे घेत. इ.स. १८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीला जाऊन सभासदांची नावे बाहेर फुटली आणि संस्था मोडली. या सभेशी काही काळ संबंध असलेले बाबा पदमनजी यांनी तत्पूर्वीच, इ.स. १८५४ मध्ये, बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला होता.

अमेरिकन मराठी मिशनचे काम इ.स. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले. मिशनची चर्चपद्धती काँग्रिगेशनल होती. या पद्धतीत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते आणि तिच्या सभासदांनी परस्परांशी केलेला करार हा तिचा पाया असतो. उमेदवार आपली श्रद्धा जाहीर करतो, मंडळी त्याला स्वीकारते आणि त्याचे नाव नोंदले जाते. प्रभुभोजनात भाग घेणे, पाळकाची निवड करणे, मंडळीची शिस्त पाळणे व दुसऱ्यांना ती पाळावयास सांगणे ही सभासदाची कर्तव्ये असतात. म्हणजे सभासदत्व हे नाते असते आणि जबाबदारीही असते.

भारतातील परिस्थितीत याला आणखी एक पदर होता. मंडळी तत्त्वतः स्वायत्त असली तरी पैसा, शाळा, इमारती आणि नेमणुका मिशनच्या हाती असत. मिशनचे निर्णय परदेशी मिशनरी घेत. त्यामुळे मंडळीत जाणे म्हणजे मिशनच्या आश्रयाला जाणे, असा सर्वसाधारण समज झाला होता. भारतीय ख्रिस्ती लोकांमध्येही याविषयी अस्वस्थता होती. इ.स. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत स्वतःला बांधून घेण्यास नकार दिला होता. कलकत्त्यात कालीचरण बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १८८७ मध्ये 'ख्रिस्तो समाज' स्थापून परदेशी पंथभेद बाजूला ठेवण्याचा प्रयत्न केला होता.

बाप्तिस्मा

१० फेब्रुवारी, इ.स. १८९५ रोजी मुंबईत भायखळा येथील अमेरिकन मिशनच्या मंडळीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी परदेशी मिशनऱ्याऐवजी भारतीय पाळकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यानुसार रेव्हरंड तुकाराम नाथोजी यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. मंडळीत प्रवेश करताना आपण भारतीयत्व सोडत नाही, ही त्यांची पुढील आयुष्यातील भूमिका या निवडीतही दिसते.

श्रद्धा अंतःकरणात ठेवून समाजात पूर्वीप्रमाणे राहण्याचा पर्याय टिळकांनी स्वीकारला नाही. पुढे दरबाराच्या रूपाने त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठी जागा निर्माण केली, तेव्हा ती रीतसर प्रवेशाची पूर्ण किंमत स्वतः मोजलेल्या माणसाने निर्माण केली होती, ही गोष्ट त्यांच्या भूमिकेचा विचार करताना लक्षात घेतली जाते.

कुटुंबाची ताटातूट आणि पुनर्मीलन

बाप्तिस्म्याची बातमी समजल्यावर लक्ष्मीबाईंना जबर धक्का बसला. मुलगा देवदत्त (दत्तू) याला घेऊन त्या माहेरच्या नातलगांकडे राहिल्या. पंढरपूर आणि नाशिक परिसरात त्यांचा हा काळ गेला. टिळक अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे राहून पत्रे लिहीत व भेटीचा प्रयत्न करीत. इ.स. १८६६ च्या कायद्याचा मार्ग उपलब्ध असूनही त्यांनी विवाह मोडला नाही. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली.

अखेर लक्ष्मीबाई मुलासह टिळकांकडे राहावयास आल्या. येताना त्यांनी धर्म बदलला नव्हता. सोवळेओवळे, वेगळा स्वयंपाक आणि वेगळे पाणी हे नियम त्या ख्रिस्ती वस्तीतही पाळत. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही व त्यांच्या आचारांची सोय करून दिली. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि त्यांनी सर्वांच्या हातचे खाण्यास आरंभ केला. त्यानंतर इ.स. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी व देवदत्त यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाईंनी हा सर्व कालखंड विनोद आणि करुणा यांच्या मिश्रणातून सांगितला आहे.

एकाच घरात एक जण मंडळीचा सभासद आणि दुसरी व्यक्ती मंडळीबाहेर, ही स्थिती टिळकांनी अशा रीतीने प्रत्यक्ष अनुभवली होती.

अहमदनगरमधील कार्य

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे वास्तव्य मुख्यतः अहमदनगर व राहुरी येथे होते. अहमदनगर येथील धर्मशिक्षण विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. रॉबर्ट ह्यूम हे या विद्यालयाचे प्रमुख होते. इ.स. १९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. दुष्काळात निराधार झालेल्या मुलांचा सांभाळ, गावोगावचा प्रवास, कीर्तन आणि प्रवचन ही त्यांची नित्याची कामे होती.

मंडळीच्या उपासनेला मराठी रूप देणे हे त्यांचे महत्त्वाचे कार्य मानले जाते. त्यांच्यापूर्वी मराठी उपासनेत इंग्रजी चालींवरील भाषांतरित गीतांचे प्रमाण मोठे होते. टिळकांनी अभंग, ओवी, पद आणि भजन या रूपांत स्वतंत्र रचना केली. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत आणि आजही महाराष्ट्रातील चर्चमध्ये त्या गायिल्या जातात. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा अहमदनगर परिसरात आधीच सुरू झाली होती. टिळकांनी तिला साहित्यिक दर्जा दिला. तुकारामांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविले, असे ते मानत. संतवाङ्मय हे भारतीय ख्रिस्तभक्ताचे स्वतःचे धन असून ते टाकून देण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत होते.

इ.स. १९१२ पासून मृत्यूपर्यंत टिळकांनी 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. 'ज्ञानोदय' इ.स. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले होते. टिळकांच्या काळात त्यात धर्माबरोबर साहित्य, समाज आणि राष्ट्र यांवरील लेखन येऊ लागले.

साहित्य

टिळकांची कविता निसर्ग, कुटुंब, बालपण, राष्ट्र आणि भक्ती या विषयांभोवती फिरते. 'वनवासी फूल', 'सुशीला', 'बापाचे अश्रू', 'माझी भार्या' आणि 'केवढे हे क्रौर्य!' या त्यांच्या प्रसिद्ध कविता आहेत. गृहजीवन हा कवितेचा विषय होऊ शकतो, हे मराठीत ठसविणाऱ्या आरंभीच्या कवींमध्ये ते होते. 'अभंगांजली'मध्ये त्यांची ख्रिस्तभक्तिपर रचना आहे. ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी सुरू केले, परंतु आरंभीच्या काही अध्यायांनंतर ते अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी पुढील बहुतेक अध्याय लिहिले आणि देवदत्त टिळकांनी ते पूर्णत्वास नेले. 'ख्रिस्तायन' इ.स. १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजेच बालकवी यांना टिळकांनी आपल्या घरी ठेवून घेतले होते. बालकवींवर टिळकांच्या निसर्गकवितेचा प्रभाव दिसतो. बालकवी टिळकांच्या घरी कुटुंबातील मुलाप्रमाणे राहत, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळकांनी तशी अट घातली नाही.

मिशनविषयीचे मतभेद

मंडळीच्या सेवेत असतानाही मिशनच्या कार्यपद्धतीविषयी टिळकांची नाराजी वाढत गेली. मिशनरी आणि भारतीय ख्रिस्ती यांचे संबंध मालक आणि नोकर यांच्यासारखे झाले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. धर्मोपदेशक पगारी असल्यामुळे लोकांचा त्याच्या शब्दावर विश्वास बसत नाही, असे त्यांना वाटे. वारकरी कीर्तनकार किंवा साधू यांना समाजात जो मान मिळतो तो त्यांच्या निरिच्छतेमुळे मिळतो, ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून पाहिली होती.

त्यांची टीका तीन वेगळ्या गोष्टींमध्ये फरक करते. पहिली गोष्ट ख्रिस्त, दुसरी मंडळी आणि तिसरी मिशन. ख्रिस्तावरील निष्ठेत त्यांच्याकडून कधी बदल झाला नाही. मंडळी हे ख्रिस्तभक्तांचे कुटुंब आहे, असे ते मानत. मिशन ही परदेशातून आलेली व्यवस्था असून तिचे काम संपल्यावर तिने बाजूला व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळीची दारे मिशनच्या अंगणातून उघडत असल्यामुळे ख्रिस्ताकडे ओढले गेलेले अनेक जण बाहेरच थांबतात, हे त्यांच्या अस्वस्थतेचे मूळ होते. असे लोक त्यांच्या परिचयात होते. ते बायबल वाचत, ख्रिस्ताची प्रार्थना करीत, परंतु बाप्तिस्मा घेत नसत.

देवाचा दरबार

इ.स. १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला व मिळणारे वेतन सोडले. त्यांनी ख्रिस्ती संन्याशाचे जीवन स्वीकारल्याचे जाहीर केले. हा संन्यास कुटुंबत्यागाचा नव्हता. लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबरच होत्या. मालकी, मान आणि निश्चित उत्पन्न यांचा त्याग असा त्याचा अर्थ होता. त्यानंतर त्यांनी सातारा हे कार्यक्षेत्र निवडले.

सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू व प्रभू मानणाऱ्या सर्वांचा हा बंधुसंघ असावा, अशी कल्पना होती. त्यात प्रवेशासाठी बाप्तिस्म्याची अट नव्हती. नवा पंथ काढण्याचा टिळकांचा हेतू नव्हता. बाप्तिस्मा घेतलेल्या दरबारींनी आपापल्या मंडळीत राहावे आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांना दरबारात भक्तीचा व संगतीचा आधार मिळावा, अशी त्यामागची दृष्टी होती. 'दरबार' हा शब्दही सूचक होता. संस्थेचे सभासदत्व यादीने ठरते, राजाच्या दरबारात मात्र राजा ज्याला बोलावतो त्याला स्थान मिळते, असा भाव त्यात होता.

मिशनच्या सेवेतून मुक्त झाल्यावरही टिळक बाप्तिस्मा आणि मंडळी यांपासून दूर गेले नाहीत. 'ज्ञानोदय'चे संपादन त्यांनी चालूच ठेवले. म्हणून त्यांच्या या निर्णयाला चर्चत्याग म्हणणे योग्य ठरत नाही. नोकरीचे नाते त्यांनी तोडले, मंडळीचे नाते राखले आणि मंडळीबाहेरील भक्तांशी नवे नाते जोडले.

दरबारासारख्या कल्पनेवर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप शास्त्राधाराचा आहे. नव्या करारात बाप्तिस्मा ही ख्रिस्ताची आज्ञा म्हणून येते आणि प्रेषितांची पत्रे स्थानिक मंडळ्यांना उद्देशून लिहिलेली आहेत. श्रद्धा एकाकी नसून ती एका शरीराच्या अवयवाप्रमाणे जगावयाची असते, अशी त्यांतील शिकवण आहे. दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. ज्याचे नाव कोणत्याही मंडळीत नाही, त्याच्या आजारपणात, संकटात किंवा चुकीच्या वाटेवर त्याची विचारपूस कोणी करावी, हे अनिश्चित राहते. तिसरा आक्षेप सामाजिक आहे. अहमदनगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आले होते. त्यांनी गावाचा रोष पत्करून उघडपणे बाप्तिस्मा घेतला होता. उच्चवर्णीय भक्तांना जात न सोडता ख्रिस्ताचे शिष्य होण्याची सवलत दिली, तर प्रभुभोजनाच्या एका पंगतीत बसण्याचा प्रश्नच टळतो आणि जातिभेद मागच्या दाराने परत येतो, असा हा आक्षेप आहे.

टिळकांच्या बाजूने असे म्हटले जाते की, बाप्तिस्म्याला त्यांनी निरर्थक ठरविले नव्हते. श्रद्धेचा आरंभ आणि मंडळीतील प्रवेश यांत काळाचे अंतर असू शकते, हे त्यांनी स्वतःच्या व पत्नीच्या आयुष्यात पाहिले होते. त्या मधल्या काळात माणूस एकटा पडू नये, यासाठी दरबाराची आवश्यकता होती. जातिभेदाविषयी त्यांचे मत आयुष्यभर कठोर राहिले होते. तथापि दरबारातील बाप्तिस्मा न घेतलेला सभासद कायम तसाच राहिला तर काय, या प्रश्नाचे निश्चित उत्तर दरबाराच्या अल्प आयुष्यात पुढे आले नाही.

मृत्यू

दरबाराची स्थापना झाल्यावर दोन वर्षांच्या आतच टिळकांची प्रकृती ढासळली. ९ मे, इ.स. १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते सत्तावन्न वर्षांचे होते. लक्ष्मीबाईंचे निधन २४ फेब्रुवारी, इ.स. १९३६ रोजी झाले. देवदत्त टिळकांनी पुढे 'ज्ञानोदय'चे संपादन केले.

वारसा

देवाच्या दरबाराचे सभासद थोडे होते आणि टिळकांच्या पश्चात तो फार काळ टिकला नाही. त्याचा आधार संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वावर होता. ज्या रीतसर बांधणीविषयी टिळकांना संशय होता, तिच्या अभावी दरबार विरला. याउलट ज्या मंडळ्यांवर त्यांनी टीका केली त्या टिकून राहिल्या आणि त्यांच्याच उपासनेतून टिळकांची गीते पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली. अमेरिकन मराठी मिशनशी संलग्न मंडळ्या पुढे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये आणि २९ नोव्हेंबर, इ.स. १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये समाविष्ट झाल्या. परदेशी मिशनच्या ताब्यातून मुक्त अशा भारतीय चर्चची टिळकांची अपेक्षा या वाटेने बऱ्याच अंशी पूर्ण झाली.

टिळकांचे इंग्रजी चरित्र जॅक विन्स्लो यांनी लिहिले असून ते इ.स. १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. विन्स्लो हे अहमदनगर परिसरात काम करणारे अँग्लिकन मिशनरी होते. इ.स. १९२२ मध्ये त्यांनी 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. भारतीय आश्रमपद्धतीने राहणाऱ्या या संघाच्या प्रेरणांमध्ये टिळकांच्या विचारांचा समावेश होता. संघ मंडळीच्या चौकटीत राहिला, पण भारतीय वेश, आहार आणि भजन यांचा त्याने स्वीकार केला.

मंडळीबाहेरील ख्रिस्तभक्तांचा प्रश्न पुढेही चर्चेत राहिला. गुजरातमधील मणिलाल पारेख यांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतर चर्चच्या सांप्रदायिक रूपापासून फारकत घेतली. आंध्रमधील सुब्बा राव यांनी बाप्तिस्म्यालाच विरोध केला. इ.स. १९७० च्या दशकाच्या आरंभी एम. एम. थॉमस आणि लेस्ली न्यूबिगिन यांच्यात याच विषयावर विचारविनिमय झाला. ख्रिस्ताचा स्वीकार करणाऱ्याने आपला धार्मिक समाज सोडून दृश्य मंडळीत यावे की नाही, हा त्यांच्या चर्चेचा केंद्रबिंदू होता. हर्बर्ट होफर यांनी तमिळनाडूतील बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा अभ्यास करून इ.स. १९९१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

या चर्चेत टिळकांचे उदाहरण दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. सभासदत्वाचा आग्रह धरणारे त्यांच्या इ.स. १८९५ च्या निर्णयाकडे बोट दाखवितात. भक्तीला यादीचे बंधन नको असे मानणारे इ.स. १९१७ च्या निर्णयाचा आधार घेतात. टिळकांनी स्वतः या दोन निर्णयांत विरोध मानला नाही. पहिल्या निर्णयाने ते मंडळीत आले आणि दुसऱ्या निर्णयाने, मंडळीत राहूनच, बाहेर थांबलेल्यांची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली. मराठी वाचकांत ते मुख्यतः कवी म्हणून स्मरणात आहेत, तर महाराष्ट्रातील चर्चच्या इतिहासात त्यांचे स्थान या दोन निर्णयांनी ठरले आहे.